दौलतआबांची स्थळं

आमचे दौलतआबा जुनी गाडी विकत घ्यायला जातात तेव्हा आधी पोहे मागून घेतात.

गाडी कुठं उभी आहे, चालू होते का, कागद आहेत का, हे सगळं नंतर. आधी ओसरीवर सतरंजी, मग पाणी, मग पोहे. पोहे येईपर्यंत आबा गाडीचं नावसुद्धा काढत नाहीत. समोरचा माणूस बिचारा किल्ली हातात घेऊन ताटकळतो, आणि आबा टोपी सारखी करत म्हणतात, "गडबड कशाला? गाडी कुटं पळून चाललीय व्हय? आन् पळत असंल तर मग बघायचं कशाला, पसंतच हाय."

गाडी म्हणजे तुमची-आमची बाजाराला जायची गाडी नव्हे. डोंगर, नदी, वाळवंट, काहीही आडवं आलं तरी थांबायचं नाही म्हणून बनवलेल्या मोहिमेच्या गाड्या. त्यांची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात. आबा त्यांना 'चारी पायांवर चालणाऱ्या' म्हणतात. अशा गाड्या आता फार उरल्या नाहीत. ज्या उरल्यात त्या कुठल्यातरी बंगल्याच्या मागं, नाहीतर लष्कराच्या भंगारात, कोंबड्यांना आसरा देत उभ्या असतात. त्या हुडकायच्या, आणि एखादी सापडली की घरी येऊन सांगायचं, "कामशेताच्या पुढं एक स्थळ आलंय."

स्थळ बघायला जायचं ते रविवारी. कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट, पांढरी टोपी, पिशवीत नारळ. पोहे संपले की आबा गाडीभोवती एक चक्कर मारतात, पण रंगाकडं बघत नाहीत. "रंग कुनीबी लावतं. चेसी दाखवा." चेसी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. मग त्या वयात खाली पोतं टाकून गाडीखाली शिरतात आणि तिथूनच घराणं विचारतात. पहिली घेतली कुणी? हाताळली कुणी? मोठं आजारपण काही? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "का देताय?" यावर कुणी "जागा अडवते हो नुसती," असं म्हणालं की बैठक मोडलीच. आबा गाडीखालून बाहेर येतात, हात पुसतात आणि नारळ परत पिशवीत टाकतात. "ज्याला नकोशी झालीय त्यानं तिला नीट वागवलेलं नसतंय," असं मला वाटेत सांगतात.

आमच्या परंदवडी गावात चहाच्या टपरीवर यावर पुष्कळ बोललं जातं. "पोरी बघायच्या वयात बघितल्या न्हाईत, आता म्हातारपणी गाड्या बघत्यात," हे तर आबांच्या तोंडावर म्हणतात. आबांनी लग्न केलं नाही हे खरं. वडील लवकर गेले, मग धाकट्या भावाचं लग्न, मग पुतण्यांची, पुतणीचं. प्रत्येक बैठकीत घरातले मोठे म्हणून आबा पुढं बसले. बघण्याची सगळी रीत त्यांना तोंडपाठ झाली, पण ती दुसऱ्यांसाठी. टपरीवर कुणी फारच चिडवलं तर चहा बशीत ओतत एवढंच म्हणतात, "टायमिंग चुकलं आमचं. इंजिनात असतंय तसं. ठिणगी पडती, पन वेळंवर पडत न्हाई."

मी मूळची वाशीम जिल्ह्यातली. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवऱ्याला इकडच्या कंपनीत ठेक्यावर काम लागलं म्हणून आम्ही दोघं पिशव्या घेऊन इथं आलो. ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. आबांनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि घरामागची खोली उघडून दिली. तेव्हापासून मी त्यांचा स्वयंपाक करते. माझं नाव रेखा आहे, पण आबांनी ते एकदाच ऐकलं. "ए वाशीम, चा टाक," अशी हाक येते आणि मी अख्खा जिल्हा होऊन धावते.

मला मुळात भीती फार. गॅस बंद केला का, दाराला कडी लागली का, पोळी करपली तर आबा काय म्हणतील. आबा करपलेल्या पोळीला काहीच म्हणाले नाहीत, तर दोन दिवस त्याचीच भीती. एवढ्या भल्या माणसाच्या आसऱ्याला आपण आलो आणि आपल्या हातून काही बिघडलं तर जायचं कुठं, हा विचार माझ्या उशाखाली कायम असतो.

आणि मला गाडी लागते. नुसती एसटी दिसली तरी मळमळतं. हे आबांना पहिल्यांदा कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बघायला जाताना घरातलं एक बाईमाणूस बरोबर असावं म्हणून त्यांनी मला एका बंगल्यावर नेलं. गाडी पसंत पडल्यातच जमा होती. दलाल म्हणाला, चला, एक फेरी मारू. पहिल्याच वळणाला मी डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, गेली नोकरी. आबांनी मात्र गाडी थांबवली, मला पाणी दिलं आणि दलालाला म्हणाले, "मागचा पाटा मोडलाय हिचा."

"छे हो आबा, एकदम ओरिजिनल आहे."

"पोरीच्या पोटाला कळलं, तुमाला न्हाई कळत?"

खाली वाकून बघितलं तर खरंच चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तडकलेला. त्या दिवसापासून माझी उलटी हे आबांचं अवजार झालं. पाना, जॅक आणि मी. प्रत्येक स्थळाच्या वेळी मला पुढच्या सीटवर बसवायचं, खडबडीत रस्त्यावर फिरवायचं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचं. दलाल लोक माझा धसका घ्यायला लागले. एकानं तर मला आधीच लिंबू आणि आल्याची वडी दिली. आबांनी ती काढून घेतली. "परीक्षेला कॉपी चालत न्हाई."

या रीतीनं एकदा मोठी फजिती झाली. आंदर मावळात एका घरी जुनी लष्करी जीप, जोंगा म्हणतात ती, गवताखाली आहे असं कळलं. आम्ही गेलो तेव्हा घरातला मुलगा, ज्याच्याशी बोलणं झालं होतं, तो बैलांना पाण्यावर घेऊन गेलेला. घरात त्याची आजी. तिनं बघितलं, इस्त्रीचे कपडे, नारळ, बरोबर बाईमाणूस. म्हातारी काही न विचारता आत गेली. पोहे आले. आबा खूष. पोह्यांमागून साडी नेसलेली, घामाघूम झालेली एक मुलगी ट्रे घेऊन आली आणि आमच्यासमोर पाटावर बसली.

म्हातारी म्हणाली, "इचारा काय इचारायचं ते."

आबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी जमिनीकडं बघत होते. खरं काय ते सांगावं, तर मुलीचा अपमान. शेवटी आबा खाकरले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "नाव काय बाळ तुजं? शिक्षान?" मुलीनं सांगितलं. आबांनी मामाचं गाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मला खूण केली तशी मी नारळानं तिची ओटी भरली. मग मुलगा बैल घेऊन आला आणि सगळा उलगडा झाला. म्हातारी आधी लाजली, मग भांडली. "मग माजी नात काय गाडीपक्षा कमी हाय व्हय?"

"मावशी," आबा हात जोडून म्हणाले, "जोंग्याचं राहू द्या. ओटी भरलीया, आता हिचं जमवायचं माज्याकडं."

जोंगा गंजून गेलेली होती, ती घेतली नाही. पण त्या मुलीचं लग्न आबांनी खरंच जमवलं, आणि अक्षता टाकताना माझ्या कानात म्हणाले, "ह्या स्थळाची चेसी बगितली मी. पोरगा चांगला हाय."

आबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा चार गाड्या आहेत. रोज पुसायच्या, रविवारी चालू करायच्या, पुढंमागं करायच्या, बंद करायच्या. गावाबाहेर म्हणून न्यायच्या नाहीत. वाळवंट पार करणाऱ्या गाड्या, पण त्यांनी शेजारच्या शिरगावचं देऊळ पाहिलेलं नाही. कुणी विचारलं तर उत्तर एकच, "ती मिळाली की निगायचं."

ती म्हणजे एक विलायती गाडी. आबा मिसरूड फुटण्याच्या वयात आंदर मावळात मामाकडं भातलावणीला गेले होते, तेव्हा एक परदेशी जोडपं अशा गाडीतून आलं आणि खाचरात रुतलं. उंटाच्या रंगाची, मागं अख्खी खोली, पाण्यात बुडाली तरी श्वास घ्यायला छतापर्यंत वर नेलेली नळी. मामाच्या बैलांनी ती ओढून काढली. मग त्या बाईनं गाडीतल्या चुलीवर सगळ्यांना चहा दिला. "गाडीत चूल! आन् चुलीवर चा!" हे सांगताना आबांचा आवाज अजून चिरकतो. "चा पानचट हुता, पन ते जाऊ दे." त्या साहेबानं नकाशा पसरला, सगळ्या जगावरून बोट फिरवलं आणि आबांना खुणेनं विचारलं, तुला कुठं जायचंय?

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं होतं.

"काय सुचंना. म्हणलं, तळेगाव."

तेव्हापासून आबा ती गाडी शोधतायत. निदान त्या जातीची. ती मिळाली की थेट हिमालयापर्यंत जायचं, असं त्यांनी गावाला सांगून ठेवलेलं. ऐकणारे हसायचे. मला हसू यायचं नाही. कारण आबांचा पुतण्या संदीप, तो भिंतीला भिंत लागून राहतो, तो मला येता-जाता ऐकवायचा, "वहिनी, आबांना एकदा निघू द्या. ही खोली पाडतो आणि रस्त्याकडनं गाळे काढतो. तुम्ही आपलं दुसरीकडं बघून ठेवा."

दुसरीकडं म्हणजे कुठं? मी शिरगावला जाऊन साईबाबांना सांगितलं, बाबा, आबांना शंभर वर्षं आयुष्य दे, सुखात ठेव, त्यांच्या मनासारखं सगळं होऊ दे. फक्त ती गाडी तेवढी मिळू देऊ नको.

आणि ती मिळाली.

लोणावळ्याच्या बंगल्यांवरचे सगळे माळी आणि राखणदार आबांना ओळखतात. त्यांच्यातल्या एकाचा फोन आला की तुंगार्लीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात फणसाखाली उंटाच्या रंगाचं काहीतरी आहे. आबांनी रविवारची वाट पाहिली नाही. मंगळवारीच शर्टाला इस्त्री झाली.

बंगल्यात शालिनीबाई एकट्या राहायच्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, तो आवाज तसाच शिल्लक होता. गाडी त्यांच्या मिस्टरांनी एका आजारी परदेशी माणसाकडून घेतली होती. ते असेपर्यंत दोघं तिच्यातून देशभर फिरले. माळ्यानं आबांची रीत त्यांना सांगून ठेवलेली असावी, कारण सतरंजी घातलेली होती.

"बसा. पोहे होतायत," बाई म्हणाल्या. "तोवर मुलाकडची माहिती सांगा. गॅरेज स्वतःचं आहे?"

आबा गडबडले. आजवर प्रश्न तेच विचारत आलेले. "हाय की. पत्र्याचं."

"गळतं?"

"कोपऱ्यात... जरासं."

"आधीच्या किती?"

"चार."

"चार! म्हणजे ही पाचवी. बरं, त्या चौघींना कुठंकुठं नेलंत?"

आबा टोपी सारखी करायला लागले. ती आधीच सारखी होती.

"मी स्पष्ट बोलते," बाई म्हणाल्या. "पत्र्याखाली उभीच करायची असेल, तर ती माझ्या फणसाखाली सुखी आहे. नेणार असाल तर न्या. हिमालय म्हणालात ना माळ्याला? मग शब्द द्या."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांकडं. "शब्द," आबा म्हणाले.

आता राहिली माझी परीक्षा. राजमाचीच्या बाजूच्या त्या दगडधोंड्यांच्या रस्त्यावर आम्ही निघालो. मी पुढं, आबा गाडीला लहान मुलासारखं गोंजारत चालवतायत. खड्डा आला, ओढा आला, गाडी एका अंगावर कलली. मी उलटीला मनातल्या मनात म्हणत होते, आता. आता तरी. एरवी नको तेव्हा येतेस, आज ये ना माय. पोट ढिम्म हलेना. उलट मला भूक लागली. खिडकीतून गार वारा येत होता, खाली दरीत ढग होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की गाडीत बसल्यावर लोक बाहेर बघतात ते का.

आबांनी गाडी थांबवली. "काय वाशीम?"

नुसतं तोंडाला पदर लावला असता तरी काम झालं असतं. खोली राहिली असती, आबा राहिले असते. पण ज्या माणसानं आमच्यासाठी दार उघडलं, त्याला त्याच्याच दारात अडकवून ठेवायचं? मी म्हणाले, "नाही लागली आबा. अजिबात नाही."

आबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मी बाहेर बघत राहिले.

गाडी आली. गावानं हार घातला. आणि मग आबा काही निघेनात.

आधी टायर. मग मुहूर्त. मग पितृपक्षात कसं निघायचं. मग भात काढणीला आला. गाडीत डाळ-तांदूळ भरून झाले, चूल पेटवून झाली, तिच्यावर पाणचट चहा करून अख्ख्या टपरीला पाजून झाला. शालिनीबाईंचा फोन यायचा, "निघालात?" आबा म्हणायचे, "हे काय, निगालोच." संदीप पट्टी घेऊन माझ्या खोलीची मापं काढून गेला. मला समजेना. ज्या माणसानं सगळा जन्म या एका गाडीत घातला, तो ती मिळाल्यावर रोज नवं कारण कुठून आणतो?

शेवटी एका सकाळी कारणं संपली. टपरीवरचे सगळे जमले. आबा गाडीत चढले, उतरले आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"वाशीम, घर बंद ठिवायचं न्हाई. सांजंला दिवा लागला पायजे." मग संदीपकडं वळले. "आन् तू. पट्टी घिऊन तुज्या घराची मापं काढ. ही माजी मानसं हायेत. मी आसन-नसन, ही हितंच ऱ्हातील."

संदीप हसून म्हणाला, "आबा, गंमत करत होतो."

माझ्या डोळ्यांना धार लागली, पण रीत ती रीत. आत जाऊन मी दही आणलं, आबांच्या तळहातावर घातलं. त्यांनी ते चाटलं, इंजिन चालू केलं. आणि आमच्याकडं कुणीही गावाला निघालं की आई जे म्हणते ते माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"सावकाश जा. पोचलात की फोन करा."

आबांनी इंजिन बंद केलं.

"काय म्हनलीस?"

"पोचलात की फोन करा."

"कुनाला?"

"मला. अजून कुणाला?"

आबा काचेतून समोर बघत होते. तसेच म्हणाले, "आई गेल्यापास्नं कुनी म्हणलंच न्हाई गं. मानूस निगतंय कशाला? पोचलो म्हनून सांगायलाच की." मग टोपी नीट केली, हॉर्न वाजवला आणि गेले.

मी घरात येऊन भांडी घासायला घेतली. फोन वाजला. "वाशीम, पोचलो."

"कुठं आबा?"

"सोमाटने फाटा."

मग तळेगाव. मग चाकण. मग नारायणगाव, तिथून द्राक्षं स्वस्त आहेत की महाग तेही. नाशिकपर्यंत आमच्या ह्यांना वाटलं गंमत आहे. पुढं ते म्हणाले, "अगं, हे हिमालयापर्यंत असंच?" असंच. धुळे, इंदूर, कुठल्यातरी पेट्रोल पंपाचं नाव, कुठल्यातरी ढाब्याचं. प्रत्येक वेळी "वाशीम, पोचलो," आणि मी "बरं" म्हणायचं. मी बरं म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

मग डोंगर लागला आणि एक दिवस सकाळपासून फोन आलाच नाही. दुपार झाली, नाही. मी देवापुढं दिवा लावला, आबांच्या ओसरीवर लावला, पाटावर बसले आणि पुढचं ताट तसंच राहिलं. ह्यांनी समजावलं, संदीपसुद्धा दोनदा दारात येऊन विचारून गेला. दिवेलागण सरता सरता फोन वाजला.

"रेंज नव्हती. पोचलो. बर्फ हाय हितं, खरा बर्फ." मग, "जेवलीस?"

मी घाईनं ताट पुढं ओढलं, वाटी वाजली.

"न्हाई ना जेवली? माजी वाट बगत बसलीस? अक्कल हाय का तुला? मानसानं येळंवर जेवावं का न्हाई?"

आबा ओरडत होते, तिथल्या वाऱ्यातून सुद्धा मला नीट ऐकू येत होतं. इतक्या आनंदानं मला आजवर कुणी रागावलं नव्हतं.